सकपाळबाईंचा जपान

परवा भाचीनं मला वाढदिवसाला अत्तराची बाटली दिली. अत्तर म्हटलेलं तिला चालत नाही, परफ्यूम म्हणायचं. बाटली औषधाची असावी इतकी साधी, खोक्यावर कुठल्याशा लांबच्या वाळवंटातल्या लोकांची छोटीशी गोष्ट, आणि खाली ‘स्त्री-पुरुष दोघांसाठी’ अशा अर्थाचं काहीतरी. “मामा, हे एकदम नवीन आहे हं,” ती म्हणाली. मी म्हटलं, “हे आम्ही वाशीला कधीच करून बसलोय.” म्हाताऱ्या माणसाकडे बघतात तसं तिनं माझ्याकडे बघितलं. तिचीही चूक नाही. आमचं ते अत्तर बाजारात आलंच नाही, आणि ज्यांनी ते केलं त्या सुलोचना सकपाळांचं नाव कुठल्याच बाटलीवर छापलेलं नाही. लेबलं मीच छापून घ्यायचो, त्यामुळे हे मला पक्कं ठाऊक आहे.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भ्याच्या बाजूला आमचा कारखाना होता. दुसऱ्यांच्या साबणाला, तेलाला, पावडरीला, उदबत्तीला लागणारे वास आम्ही करायचो. माझं खातं पॅकिंगचं. बाटल्या, बुचं, खोकी, लेबलं. सुगंधाच्या कारखान्यात मी पुठ्ठ्याचा माणूस. बाई लॅबमध्ये होत्या. बीएस्सी होऊन तपासनीस म्हणून लागल्या आणि हळूहळू वास जुळवायचं काम त्यांच्याकडे आलं. आलं म्हणजे फिनाइलचं आलं. केसाच्या तेलाला मोगरा, भांड्याच्या पावडरीला लिंबू आणि फिनाइलला देवदार, यात त्यांची उमर चालली होती. भारी कामं शेठ बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचे. तो माणूस सूट घालून यायचा.

बाई दिसायला साध्या. ठेंगण्या, सावळ्या, घट्ट अंबाडा, सुती साडीवर कंपनीचा पांढरा कोट. अंगाला कसलाही वास नाही. सुगंधाच्या कारखान्यातली सगळी माणसं संध्याकाळी घमघमत घरी जायची. माझी बायको मालती मला आधी न्हाणीघराकडे पिटाळायची. बाई मात्र सकाळी येत तशाच कोऱ्या परत जात. त्या बिनवासाच्या साबणानं आंघोळ करत, पावडर लावत नसत, गजरा माळत नसत. मूळच्या महाडकडच्या, खाडीकाठच्या गावच्या. पण कामाच्या दिवशी सुकट नाही, सोडे नाहीत, लसूण नाही. दह्याबरोबर मऊ भात खायचा, तोही थंड. “पाटणकर, रविवारी मी माणूस असते,” त्या म्हणायच्या. “बाकीचे दिवस नुसतं नाक.”

आणि ते नाक सदा दमलेलं असायचं. कागदाच्या अरुंद पट्ट्या बाटलीत बुडवून हुंगायच्या, हलवायच्या, परत हुंगायच्या. मधेच कोटाची बाही वर करून स्वतःच्या कोपराच्या खळीत नाक खुपसून गप्प बसायच्या. नवीन माणसाला वाटायचं, बाई रडतायत. त्या नाकाला विसावा देत असायच्या. स्वतःच्या कातडीचा वास नाकाला ताळ्यावर आणतो म्हणे. मी एकदा करून बघितलं, मला सरसाचा वास आला.

“डोळे मिटता येतात,” एकदा बसची वाट बघताना त्या म्हणाल्या. “कानात बोटं घालता येतात. नाक झोपेतसुद्धा ड्युटीवर. वैताग आलाय हो.”

आणि वाशीत नाकाला ड्युटी काही कमी नव्हती. शहर नवीन, घरं सगळी एका साच्यातली, आणि मोकळ्या जागेवरून वारा सरळ आत. सकाळी खाडीचा चिखल, दुपारी कारखान्यांच्या चिमण्या, आणि कांदा-बटाटा मार्केट आलं तेव्हापासून पावसाळ्यात सडक्या कांद्याचा भपकारा. पहिल्यांदा येणारा पाहुणा नाकाला रुमाल लावायचा. महिनाभर राहिला की विचारायचा, “कसला वास? मला तर काही येत नाही.” आम्ही तर वर्षानुवर्षं राहिलेलो.

आता जपान. बाईंचे वडील गावचे पहिले शाळामास्तर. बौद्ध वस्तीत त्यांनीच पुढाकार घेऊन एका खोलीचं विहार बांधलं, अगदी खाडीच्या बांधाला लागून. बाई लहान असताना तिथं एक जपानी भिक्खू येऊन राहिला. भाषा कुणाचीच कुणाला कळत नव्हती. जाताना त्यानं मास्तरांच्या हातात उदबत्त्यांची लहानशी लाकडी पेटी ठेवली. आपल्या उदबत्तीला आत बांबूची काडी असते. ह्यांना ती नव्हती, नुसत्याच सुगंधाच्या बारीक कांड्या, जरा जोर लावला की मोडणाऱ्या. मास्तर वर्षातून एकदाच, बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी, त्यातली एक काढायचे. ती मोडून अर्धी करायचे. अर्धी लावायची, अर्धी पुढच्या वर्षाला. सगळी वस्ती त्या खोलीत दाटीवाटीनं बसायची आणि ती अर्धी कांडी जळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. लहान मुलंसुद्धा. बाई म्हणायच्या, “आमच्याकडे चुलीचा धूर, बिडीचा धूर, सगळा धूर पोटासाठी. हा एकच धूर असा होता की ज्याचा काही उपयोग नव्हता.”

मास्तर गेले. पेटी बाईंकडे आली. तीत शेवटची अर्धी कांडी उरली होती, ती त्यांनी कधी लावली नाही. टेबलाच्या खणात एका चपट्या डबीत असायची. फार दमल्या की डबी उघडायच्या, हुंगायच्या आणि बंद करायच्या.

तो वास अंगाला लावता येईल असा करायचा, हे त्यांच्या मनात कधी आलं, मला माहीत नाही. पण फिनाइलचं काम आटोपलं की उरलेल्या वेळात त्या तेच करत. खास काही सामान नव्हतं. देवदार होताच. वाळा, नागरमोथा, जटामांसी, चंदन थेंबभर, कापूर त्याहून कमी. शेठना आधी कळलं नाही, मग कळलं, मग एके दिवशी त्यांनी पट्टी हुंगली आणि खुर्चीत मागे टेकून बसले. धंद्याचा माणूस, पण नाक होतं त्यांना.

“सकपाळबाई, हा कुठला वास?”

“जपानचा.”

“तू कवा गेली जपानला?”

“जपान आला होता आमच्याकडे,” बाई म्हणाल्या.

शेठ हसले. म्हणाले, पुरा कर, डीलर लोकांना दाखवू. चालला तर फिनाइल बंद, यापुढे तू फक्त अत्तरं करायची. बाई मान डोलावून बाहेर आल्या आणि जिन्यात माझा दंड धरून म्हणाल्या, “पाटणकर, फिनाइल बंद म्हणाले ना? तुम्हीपण ऐकलंत ना?” मी शेठच्या खोलीत नव्हतोच. तरी हो म्हटलं.

मग माझ्या खात्याचा विषय आला. आमच्याकडे शिस्त होती : पुरुषांचं अत्तर निळ्या खोक्यात, बायकांचं गुलाबी. मी विचारलं, “बाई, निळा मागवू की गुलाबी?”

“दोन्ही नको.”

“असं कसं? दुकानदार कुठल्या फळीवर ठेवणार?”

“विहारात धूर झाला की तो कुणाकुणाच्या कपड्यात बसायचा? माझ्या वडलांच्या सदऱ्यात आणि आईच्या लुगड्यात एकच वास यायचा. आधी विचारून बसायचा का तो?”

शेठना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, “अरे, उसको बोल, धंदा हाय. पौर्णिमा नाय.” नावही त्यांनी ठरवून टाकलं होतं, ‘टोकियो नाइट’. खोक्यावर छत्रीवाली बाई. सकपाळबाईंनी ते चित्र बघितलं, कोपरात नाक घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

शेवटी खोकं खाकी ठरलं, माझ्याच आग्रहावरून. त्यात बाईंच्या तत्त्वाचा भाग किती आणि खाकी पुठ्ठा गोदामात पडून होता याचा किती, ते मी सांगत नाही.

वास पारखायची बाईंची एक रीत होती. पट्टीवर चांगला असून भागत नाही, माणसावर दिवसभर टिकून संध्याकाळी कसा म्हातारा होतो ते बघायचं. म्हणून त्यांनी कापसाचे बोळे वाटले. वॉचमन, पॅकिंगच्या बायका, मी. पॅकिंगमधली यमुना वाशीगावातली, आगरी. ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, “बाय, मना आनी मालकाना दोगांना लावला. मालक बोलतान, कदी नाय तो घरात बसावासा वाटला.” यापेक्षा मोठं सर्टिफिकेट बाईंना कुणी दिलं नसेल.

आमच्या घरीही तेच झालं. मी बोळा शर्टाच्या खिशात ठेवला होता. रात्री जेवायला बसलो तर मालती वाढता वाढता थांबली. तेव्हा आमच्यात फारसं बोलणं उरलं नव्हतं. भांडण काही नाही, नुसता थकवा. मी पाळीवर, ती शाळेत, मुलं परीक्षेत. ती म्हणाली, “आज तुमच्या खिशात काय आहे?” मी बोळा दिला. सकाळी तो तिच्या पदराच्या टोकाला बांधलेला होता. नंतर बाईंनी आम्हाला लहान शिशी दिली. ती कपाटात मधोमध राहिली, माझ्या आणि तिच्या कपड्यांच्या मध्ये. मला हे लिहितानासुद्धा बरं वाटतं.

एकच माणूस बाईंच्या बाजूचं बोललं नाही, ती त्यांची आई. म्हातारी बाईंकडे वाशीलाच असायची, खिडकीशी बसून मिसरी लावायची. मी आणि मालती एकदा गेलो होतो, तेव्हा बाईंनी पट्टी तिच्या नाकाशी धरली. म्हातारीनं हुंगलं आणि म्हणाली, “जपान कसला गं? ह्यो तर आपल्या गावच्या पुनवेचा वास.”

“आई, तंबाखूनं तुझं नाक गेलंय,” बाई म्हणाल्या, आणि आम्ही सगळे हसलो.

डीलर लोकांना वास दाखवायचं फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात ठरलं. दिल्लीचे, कलकत्त्याचे लोक येणार होते. मी खोकी घेऊन कंपनीच्या मेटॅडोरमधून बाईंबरोबर गेलो. बाईंनी ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती, आणि लॅबचा कोट घरी विसरल्यासारख्या पुन्हापुन्हा बाही चाचपत होत्या. हॉल थंडगार, खिडक्या बंद, जमिनीवर गालिचा. कसलाही वास नाही. वाशीहून आलेल्या माणसाला कान बधिर झाल्यासारखं वाटावं असा बिनवास.

पट्ट्या बुडवून वाटल्या. लोकांनी हुंगल्या. कुणी म्हणालं बरं आहे, कुणी म्हणालं वेगळं आहे. दिल्लीच्या माणसानं, थोडा माल घेऊन बघू, असंही म्हटलं. शेठ खुशीत आले. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी स्वतःची पट्टी हुंगली. मग कोपर. मग पुन्हा पट्टी. मग दुसऱ्या बाटलीतून नवी पट्टी. त्यांचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, चक्कर येतेय.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “हे अर्धंच आहे.”

शेठ म्हणाले, “काय अर्धा? लोक घेतायत ना!”

“ह्याला तळ नाही, शेठ. वरचं आहे, मधलं आहे, खालचं नाहीये. मला माहीत नाही कुठं गेलं. काल होतं.” दिल्लीच्या माणसाकडे वळून त्या हिंदीत म्हणाल्या, “साहब, अभी मत लीजिए. ये पूरा नहीं है.”

विकायला आलेल्या माणसानं गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगितलेलं मी आयुष्यात एकदाच बघितलं. शेठनी टेबलावरच्या बाटल्यांना एकेक करून बुचं लावली.

परतताना मी पुढे न बसता मागे बाईंजवळ बसलो. मला राग आला होता, खरं सांगतो. गप्प बसल्या असत्या तर काय बिघडत होतं? फिनाइल सुटलं असतं. त्या पट्टी हातात धरून बाहेर बघत होत्या. मानखुर्द गेलं, गाडी खाडीपुलावर चढली. उकाडा होता, काचा खाली होत्या, पाणी ओसरून खाली चिखल उघडा पडला होता. सवयीनं त्यांनी पट्टी नाकाशी नेली आणि एकदम ओरडल्या, “गाडी थांबवा!”

ड्रायव्हर म्हणाला, पुलावर थांबत नाही बाई. तरी त्यानं गाडी हळू केली. बाईंनी पट्टी माझ्या नाकाखाली धरली. “बघा. घ्या, बघा!”

मी हुंगलं. होतं तसं सगळं परत आलं होतं. माझ्या कपाटातला वास, मालतीच्या पदराचा वास, पुरा.

बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. “खाडी हो, पाटणकर. खाडी बाटलीत घालायची राहिली! इतकी वर्षं हवेत होती, नाकाला कळलीच नाही, आणि मी ती धरूनच चालले. तिकडे गावालाही खाडी, इथंही खाडी. आई बरोबर म्हणत होती. माझा जपान निम्मा महाडचा होता.”

पुढे खाडीचा वास बाटलीत आणायची खटपट त्यांनी केली. समुद्री शेवाळाचे अर्क मागवले, काय काय उकळलं. यमुनाकडून कालवाच्या शिंपल्या आणवून जाळून बघितल्या, तेव्हा अख्खं पॅकिंग खातं अंगणात पळालं. जमेना. “विकत मिळतो तो समुद्र,” त्या म्हणायच्या, “चिखल कुणी विकत नाही.”

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, “तुझी ती कांडी हाय ना डबीत? ती माझ्या एसी रूममदी लाव. खाडीबिडी काय नाय तिकडे. असली जपान काय हाय ते समजेल, तेवढा माल पुरा कर. लास्ट चान्स.”

हे सोपं होतं. बंद खोलीत ती अर्धी कांडी जाळली की निव्वळ उदबत्तीचा वास नाकात बसला असता आणि त्यावरून अत्तर दुरुस्त झालं असतं. शेठच्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं. पण कांडी एकच होती, अर्धी. बाई ती डबी पर्समध्ये घेऊन हिंडू लागल्या. बसमध्ये मी विचारलं, लावली का, की म्हणायच्या, “बघू, उद्या.” त्याच उन्हाळ्यात त्यांची आई वारली. मग मी विचारणं सोडलं.

माझी बदली कंपनीच्या सांगलीच्या गोदामावर झाली होती. सामान बांधून झालं होतं. बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी दार वाजलं. बाई दारात. तीच हॉटेलातली पांढरी साडी. मालतीला म्हणाल्या, “वहिनी, चपला घाला. तुम्हीपण चला, पाटणकर. एकटीनं लावायची नसते ती.”

आम्ही वाशीगावच्या बाजूला बांधावर गेलो. पौर्णिमेची संध्याकाळ म्हणजे ओहोटी. पाणी लांब गेलेलं, चिखल चकचकत होता. वाटेत यमुनाचं घर, तीही नवऱ्याला घेऊन आली. बाईंनी डबी उघडली. मी न राहवून म्हटलं, “बाई, अजून विचार करा. ही गेली की अत्तर गेलं. फिनाइल राहील जन्मभर.”

“तिकडे लावली तर खरा जपान कळेल,” त्या म्हणाल्या. “मला आता तो कळून काय करायचाय? मला माझा पाहिजे होता. आई-बापाचा. तो बाटलीत जात नाही, हे कळलंय मला. एकदा घेऊ द्या.”

वाऱ्यानं काड्या विझत होत्या. शेवटी आम्ही पाचहीजण जवळजवळ उभे राहून आडोसा केला, तेव्हा ती पेटली. बाईंनी ती चिखलाच्या गोळ्यात खोचली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण कुणीच बोललं नाही. धूर आमच्या सगळ्यांच्या कपड्यांत बसत होता. बाई मांडी घालून बसल्या होत्या, डोळे मिटून, आणि एकदाही त्यांनी कोपरात नाक घातलं नाही. ते दमलेलं नाक मी पहिल्यांदाच कामावर नसलेलं बघितलं. मला माझी आई आठवली, का ते माहीत नाही. मालतीनं माझा हात धरला होता.

कांडी संपली. राखेची बारीक रेघ वाऱ्यानं उडाली. बाई उठल्या, साडीला लागलेला चिखल झटकला.

“आता?” मालतीनं हळूच विचारलं.

“आता काय,” बाई म्हणाल्या. “सांगलीला पोचलात की पत्र टाका. आणि ती शिशी तिकडे नेऊ नका, यमुनाला द्या. तिकडे खाडी नाही, नुसतं लाकूड लागेल.” मग घड्याळ बघितलं. “चला, मला सकाळी लवकर यायचंय. फिनाइलची बॅच आहे.”

बांधावरून त्या पुढे निघाल्या, ठेंगण्या, थकलेल्या, पांढऱ्या साडीत. थोडं पुढे गेल्यावर त्या थांबल्या. पदराचं टोक उचलून त्यांनी नाकाशी धरलं आणि ते तसंच धरून चालत राहिल्या.